लोण्याचा वास

"ह्या बरणीत आधी लोणचं होतं," उत्तरा सहज म्हणाली, आणि काउंटरपलीकडे उभा असलेला तो म्हातारा जपानी माणूस एकाएकी तिच्यापुढे कमरेत वाकला. पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरातला मंगळवार, सकाळचे साडेदहा. ॲन आर्बरच्या त्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये लोक घरच्या विहिरींचं पाणी घेऊन यायचे, फॉर्म भरायचे, निघून जायचे. ह्या माणसानं अकरा नमुने आणले होते, प्रत्येकावर जपानी अक्षरांची चिठ्ठी. पाणी यंत्रात घालण्याआधी एकदा हुंगायचं ही उत्तराची सवय, तेवढ्यासाठी तिनं दुसऱ्या बरणीचं झाकण उघडलं होतं. बरणी उकळत्या पाण्यानं दोन-तीनदा धुतलेली होती, तेही तिला कळलं, आणि तरी काचेच्या गळ्याशी आंबट-खारट, उन्हात मुरलेल्या फळाचा एक बारीक धागा उरला होता. म्हाताऱ्याबरोबर आलेली त्याची मुलगी ओशाळली. घरात बाटल्या कमी पडल्या म्हणून खारवलेल्या प्लमची बरणी घेतली, असं ती सांगू लागली. म्हातारा मात्र वाकलेलाच होता. त्याच्या केसांतला पांढरा भोवरा उत्तराला दिसत होता आणि काय करावं ते तिला सुचेना. सोळा वर्षं ती ह्या देशात होती. तिच्या इंग्रजीचं कौतुक झालं होतं, समोशांचं झालं होतं, कपाळावरच्या कुंकवाबद्दल तर दर महिन्याला कुणी ना कुणी विचारायचं. तिच्या नाकापुढे कुणी वाकलं नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिच्या छातीत काहीतरी हललेलं राहिलं, टेबलाचा एक पाय आखूड झाल्यासारखं.

त्यांचं नाव इशिदा, वय एकाहत्तर. इंग्रजी तोडून तोडून बोलायचे, म्हणून बाकीचं मुलीनं, केइकोनं सांगितलं. नीगाताकडच्या बर्फाळ खेड्यातले ते शेतकरी. पिकं निघाली की नोव्हेंबरात साकेच्या कारखान्यावर जायचं, हिवाळाभर तिथंच राहून साके करायची, आणि एप्रिलमध्ये लावणीला परत यायचं. असे बेचाळीस हिवाळे, त्यातले शेवटचे एकोणीस मुख्य कारागीर म्हणून. उत्तरा सांगलीची. दिवाळी झाली की दूरदूरच्या गावांहून ऊसतोडीला येणारी माणसं तिनं लहानपणी पाहिली होती, त्यामुळे हे हिवाळ्यापुरतं घर सोडणं तिला समजावून सांगावं लागलं नाही. "मी लहानपणी वडिलांना हिवाळ्यात कधी पाहिलंच नाही," केइको म्हणाली. तिचा नवरा डेट्रॉइटजवळ एका जपानी पार्ट्सच्या कंपनीत होता. आई दोन वर्षांपूर्वी गेली आणि तिनं वडिलांना इकडे आणलं. आता त्यांनी डोक्यात घेतलं होतं, की ह्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये एक पीप साके करायची. इथली थंडी त्यांना पसंत होती. पाण्याचीच काळजी होती. "लोखंड," इशिदा मध्येच म्हणाले. पाण्यात लोखंड असलं की साके पिवळी पडते, वास मरतो. किती चालेल, उत्तरानं विचारलं. त्यांनी हात हलवला. अजिबात नाही. मिशिगनच्या विहिरींचं पाणी म्हणजे कपड्यांवर तांबूस डाग पाडणारं, तेव्हा तिला फारशी आशा नव्हती. पण सातव्या बाटलीत, गावाच्या पश्चिमेला एका शेतातल्या झऱ्याच्या पाण्यात, यंत्राला लोखंड सापडलंच नाही. तिनं ते पाणी काचेच्या पेल्यात कोमट करून चाखून पाहिलं. त्याला कसलीच चव नव्हती आणि ते घशातून जाताना मऊ होतं. रिपोर्ट पोस्टानं पाठवायचा असतो, तिनं फोन केला. केइको फोनवर जपानीत काहीतरी बोलली, मग म्हणाली, "वडील विचारतात, शनिवारी येता का. त्यांना तुम्हाला काहीतरी द्यायचं आहे."

साके उत्तरानं एकदा चाखली होती. नवऱ्याच्या, प्रतापच्या बॉसनं जपानी हॉटेलात जेवायला नेलं होतं तेव्हा, वाफाळती, चिमुकल्या चंबूतून. हॉस्पिटलात इंजेक्शनआधी दंडावर फिरवतात त्या बोळ्यासारखा भपका आला आणि तिनं वाटी खाली ठेवली. त्यामुळे शनिवारी इशिदांच्या गॅरेजमध्ये, फावडी आणि सायकली एका भिंतीला लावून झाडून-पुसून लख्ख केलेल्या त्या थंड खोलीत, ती शिष्टाचार म्हणून स्टुलावर बसली. त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली एक बाटली काढली, त्यांच्या जुन्या कारखान्याची. तीन पांढऱ्या वाट्या ओळीनं मांडल्या. तळाला दोन निळी वर्तुळं, एकात एक. आधी त्या वर्तुळांकडे पाहायचं, कडा स्वच्छ दिसतात का. मग नाक. मग एक चमचाभर तोंडात घेऊन जिभेवर पसरायची, ओठ उघडून थोडी हवा आत ओढायची, ती नाकावाटे सोडायची, आणि भुश्शाच्या बादलीत थुंकायचं. हे सगळं त्यांनी हातवारे करून दाखवलं, पण स्वतः केलं नाही. वाटी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "सांगा."

आधी काहीच आलं नाही. नुसतं पाणी. मग पाण्याच्या मागून, जणू कुणी शेजारच्या खोलीत आत्ताच पेअर कापलं असावं, तसा एक गारवा आला. तो गोड होण्याआधीच खरबुजाच्या बियांकडचा ओला वास झाला, आणि सगळ्यांच्या तळाशी वाफेवर शिजलेल्या तांदळाची एक शांत पांढरी बैठक. तिनं तोंडात घेतली तेव्हा ती गुळगुळीत होती, जिभेच्या कडांना किंचित आंबट लागली, हवा ओढल्यावर तो पेअरचा वास डोक्याच्या मागच्या बाजूपर्यंत चढला, आणि थुंकल्यावर तिनं वाट पाहिली तर मागं काहीच उरलं नाही. "गेली," ती आश्चर्यानं म्हणाली. इशिदांचा चेहरा उजळला. "चांगली साके जाते," ते म्हणाले. "वाईट साके बसून राहते." फळ कुठलं घातलंय, तिनं विचारलं. फळ नाही. तांदूळ, पाणी, आणि तांदळावर वाढवलेली बुरशी. तिचा विश्वास बसेना. ती स्वतः केमिस्ट होती, असे वास आंबण्यातून निघू शकतात हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, पण कुणीतरी चार महिने जागून, थंडीत तांदूळ धुऊन धुऊन, झाडावर न लागलेलं हे फळ घडवावं ह्याचं तिला नवल वाटलं. आणि आणखी एक गोष्ट. तांदळाचं आहे म्हटल्यावर पेजेचा, सांगलीच्या स्वयंपाकघराचा काहीतरी वास येईल आणि आपल्याला भरून येईल, अशी तिनं मनाची तयारी ठेवली होती. तसं काही झालं नाही. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा एखादा वास तिला मागं न नेता जिथल्या तिथं उभा करत होता, मिशिगनमधल्या एका गॅरेजमध्ये, स्टुलावर.

कारण एरवी वास तिला मागंच न्यायचे, आणि बहुतेक एकाच ठिकाणी. ती नऊ वर्षांची होती. वडील हायस्कुलात शिक्षक, दारूबंदीवर तळमळीनं भाषणं करणारे. त्यांचे धाकटे भाऊ विष्णूकाका त्यांच्याकडेच राहायचे, रेडिओ दुरुस्त करायचे, तिला खांद्यावर बसवून गणपती दाखवायला न्यायचे. एका संध्याकाळी पानावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "काका, तुमच्या तोंडाला कपाटाच्या पॉलिशसारखा वास येतोय." ते बंदीचे दिवस होते, ज्यांना काही मिळायचं नाही ते फ्रेंच पॉलिश पाण्यात घालून प्यायचे. हे तिला फार नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढं दिसलं, की वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. तीन दिवसांनी काका ट्रंक घेऊन बेळगावला गेले. त्यांची दोन पत्रं आली. पुढे ते हुबळीला वारले असं कुणीतरी सांगितलं. तिला कुणी बोल लावला नाही, फक्त आई एकदा भांडी विसळताना म्हणाली, "तुझं नाक म्हणजे ना..." आणि पुढचं बोललीच नाही. ते न बोललेलं वाक्य उत्तरा आयुष्यभर वेगवेगळ्या तऱ्हांनी पुरं करत आली होती. पाण्याच्या नोकरीत तिला बरं वाटायचं ते म्हणूनच. तिथं वासाला आकडे होते. मातकट दोन, क्लोरीन तीन, असं फॉर्मवर लिहायचं, आणि त्या आकड्यांमुळे कुणी घर सोडून जात नव्हतं.

नोव्हेंबरपासून ती दर शनिवारी सकाळी जाऊ लागली. घरी सांगताना आधी "पाण्याचं काम" म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं. झऱ्याचं पाणी आणून, तांदूळ धुऊन, किती मिनिटं भिजवायचे ते इशिदा घड्याळ लावून ठरवायचे, पंधरा सेकंद इकडेतिकडे झालेलं त्यांना चालत नसे. उकडलेला तांदूळ चादरीवर पसरून त्यावर ते बुरशीची हिरवट पूड चाळायचे, हात इतका हलका की पूड पडताना दिसायची नाही. दोन दिवसांनी त्या दाण्यांवर पांढरी लव यायची आणि भाजलेल्या चेस्टनटचा वास यायचा. "सांगा," ते म्हणायचे. ती सांगायची. पिपात आंबवण ठेवल्यावर फेस कसा आहे, त्याला आज कसला वास आहे, मागच्या वेळच्या फळाचं काय झालं, "सांगा." ती शब्द शोधायची, कच्चं केळं, ओला खडू, मुलांच्या वहीचा नवा कागद, आणि ते पेन्सिलीनं जपानीत लिहून घ्यायचे. आपली परीक्षा चालली आहे असं तिला वाटायचं. गुरू उत्तर माहीत असून विचारतो तसं ते विचारतायत, असं समजून ती शनिवारची वाट पाहू लागली. आठवडाभर तिनं कॉफी कमी केली, साबण बदलला. चौदा वर्षांची दीपा एकदा तिच्या कोटात नाक खुपसून म्हणाली, "मॉम, यू स्मेल लाइक ब्रेड. आय लाइक इट."

प्रतापला ते आवडत नव्हतं. तो यप्सिलँटीजवळच्या एका कास्टिंगच्या कारखान्यात मेटलर्जिस्ट होता. माणूस शांत, पार्टीत दोन पेग व्हिस्की घेऊन जुनी गाणी म्हणणारा. पण त्या वर्षी त्याच्या प्लँटमधून थँक्सगिव्हिंगच्या आत दोनशे माणसांना ले-ऑफ केलं होतं, पार्किंग लॉटमध्ये जपानी गाडी दिसली की काच फोडायचे दिवस होते, आणि त्याचं स्वतःचं नाव पुढच्या यादीत असणार असं तो दर शुक्रवारी गृहीत धरून घरी यायचा. नाताळच्या सुट्टीत त्यानं एकदाचं विचारलं, "तिथं नेमकं काय करतेस तू?"

"साके होतेय. मी वास बघते. चाखते."

"चाखतेस."

"थुंकते नंतर."

"उद्या मराठी मंडळात कुणी विचारलं तर काय सांगू? रेखा परवा फोनवर म्हणत होती, उत्तरा शनिवारी दिसत नाही हल्ली." मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या हाताखालचा माणूस घरी बसलाय, उत्तरा. आणि माझी बायको जपान्यांच्या गॅरेजमध्ये दारू चाखते."

त्यावर सांगण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. त्या म्हाताऱ्यानं आयुष्यात गाडीचा एक स्क्रू पिळलेला नाही हे होतं. तू व्हिस्की पितोस ते चालतं हेही होतं. पण त्याच्या चेहऱ्यावरची भीती तिला दिसत होती, आणि तिनं तोंडात आलेलं गिळलं. तिला गिळायची सवय होती.

अकरा जानेवारीच्या शनिवारी, निघण्याआधी, तिनं संक्रांतीच्या गुळाच्या पोळ्यांसाठी चार पौंड लोणी कढवलं. हात धुऊन, कोट चढवून ती इशिदांकडे गेली, पिपावरचं झाकण सरकवलं, आणि फळाच्या, तांदळाच्या वासाखाली तिला लोण्याचा अगदी पुसट वास आला. आपल्याच बाहीचा असणार, तिला वाटलं. तिनं बाकीचं सगळं सांगितलं, एवढं वगळलं. पुढच्या शनिवारी रेखाकडे हळदीकुंकू होतं, तिथं दुपारी जायचं कबूल करून ती सकाळी गॅरेजमध्ये पोचली. त्या दिवशी ती न्हालेली होती, घरात काही कढवलं नव्हतं, आणि झाकण सरकवताच वास आला. छान होता. नुकत्याच काढलेल्या लोण्याचा गोळा ताकावर तरंगत असावा तसा गोलसर, ओळखीचा.

"आज लोणी आहे," ती हसून म्हणाली. "ताजं. फार सुरेख."

इशिदांची पेन्सिल थांबली. "बटर?"

"हो. मागच्या शनिवारीही होतं, पण याहून कमी."

"मागच्या शनिवारी." त्यांनी वही मिटली. "तुम्ही बोलला नाहीत."

तिनं तूप, बाही, सगळं सांगितलं. ते उपड्या बादलीवर बसले. शब्द एकेक करून ठेवत, त्यांनी सांगितलं. हा वाईट वास. जपानमध्ये ह्याला नाव आहे, पोटुशी बाईला मळमळतं त्याच्यावरून ठेवलेलं. आज थोडा आहे. उद्या रविवार, उद्या मी गाळणार होतो. गाळली की आतले आंबवणारे जंतू निघून जातात, वास पुसायला कुणी उरत नाही. बाटलीत तो वाढतो. मग फळ नाही, तांदूळ नाही, नुसतं लोणी.

जो वास तिला सुरेख वाटला तो दोष होता. आवडणं आणि ओळखणं ह्या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या असू शकतात हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. आणि मग त्याच्या मागून दुसरी गोष्ट आली. "पण इशिदासान," ती म्हणाली, "तुम्हाला नाही आला? रोज तुम्हीच तर झाकण उघडता."

घरात शिरायच्या दाराकडे त्यांनी एकदा पाहिलं. भिंतीपलीकडे व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज चालू होता. त्यांनी बोट नाकावर ठेवलं आणि दिवा विझवावा तशी हळूच फुंकर मारली. "मागचा जानेवारी," ते म्हणाले. "बर्फ. इथं, दारात, पडलो. डोक्याला टाके. आता ठीक. नाक..." त्यांनी पुन्हा फुंकर मारली. "काहीच नाही. भात, साबण, बायकोचा किमोनो. काहीच नाही."

"केइकोला?"

"नाही. तिच्या दारात पडलो. तिला वाटेल, तिच्यामुळे."

ती परीक्षा नव्हती तर. नोव्हेंबरपासून ज्याला ती गुरूचा प्रश्न समजत होती, तो एका आंधळ्या झालेल्या माणसानं वाटेत थांबवून विचारलेला प्रश्न होता, पुढे पायरी आहे का? आणि ती मजेत, शाबासकीच्या आशेनं, ओल्या खडूच्या गोष्टी सांगत राहिली होती. "मला आधी सांगायला हवं होतंत," ती जवळजवळ ओरडली. "मी चुकले असते तर?"

"चुकलात," इशिदा साधेपणानं म्हणाले. "एक आठवडा. आणि मग सांगितलंत." मग म्हणाले, "चांगली नाकं पुष्कळ. आपली चूक सांगणारं नाक, बेचाळीस हिवाळ्यांत, तीन."

ह्या वेळी तिच्या सांगण्यामुळे कुणी हातातला घास ताटात ठेवला नव्हता. उलट म्हातारा बाह्या सरसावून उठला, रजया आणल्या, पिपाभोवती गुंडाळल्या. दोन डिग्री गरम ठेवायचं, जंतूंना तो वास खायला वेळ द्यायचा. पण फार वेळ दिला तर ते मरायला लागतात आणि साके कडू होते. नेमका दिवस कुठला, हे थर्मामीटर सांगत नाही. "रोज," ते म्हणाले, आणि पुढे विचारायचा त्यांना धीर होईना. "येईन," उत्तरा म्हणाली. हळदीकुंकवाला ती गेली नाही. तिनं रेखाला फोन करून खरं कारण सांगितलं, आणि पलीकडची शांतता संपेपर्यंत फोन कानाशी धरून उभी राहिली.

प्रतापलाही त्याच संध्याकाळी सांगितलं, ह्या वेळी काही न गिळता. दोन आठवडे रोज ऑफिसनंतर जाणार, जेवण फ्रीजमध्ये असेल. तो म्हणाला, "तुला घरी बसलेल्या लोकांबद्दल काहीच वाटत नाही? आपल्या लोकांच्या नोकऱ्या..." ती म्हणाली, "वाटतं. तुझी भीती मला रात्रंदिवस कळते, प्रताप, तू घरात पाऊल टाकलंस की घामाला वेगळा वास असतो. मी कधी बोलले नाही." त्यानं हात शर्टाच्या कॉलरकडे नेला. "पण त्या माणसाचं नाक गेलंय," ती म्हणाली, "आणि माझं आहे. ह्यात जपान कुठं येतो मला कळत नाही."

मग ते चौदा दिवस. उणे पंधरा, उणे अठरा, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून ती साडेपाचला तिथं पोचायची. पहिले चार दिवस लोणी वाढत गेलं, तिला ते शिसारी आणू लागलं, आणि ह्याच वासाला आपण सुरेख म्हणालो होतो ह्याची मौज वाटली. सातव्या दिवशी ते वाढायचं थांबलं. नवव्या दिवशी कमी झालं, की तिला तसं हवं होतं म्हणून कमी वाटलं? ती बाहेर जाऊन थंड हवेत श्वास घेऊन आली, पुन्हा हुंगलं, पुन्हा बाहेर गेली. इशिदा घाई करायचे नाहीत. त्यांच्याकडून ती एक गोष्ट शिकत होती, जी कुठल्या लॅबनं तिला शिकवली नव्हती. आशा बाजूला ठेवून हुंगायचं. ते पिपाच्या लाकडाला कान लावून आतली फसफस ऐकायचे, बोटानं आंबवण घेऊन त्याचा चिकटपणा पाहायचे, जिभेनं गोड-आंबट-कडू तेवढं तपासायचे, आणि नाकाच्या जागी तिला विचारायचे. एकदा तिच्या मनात आलं, आपण दोघं मिळून एक माणूस झालो आहोत, आणि तो माणूस आपल्या दोघांपेक्षा हुशार आहे. एकतीस तारखेला, शुक्रवारी, लोणी नव्हतं. तिनं तीनदा पाहिलं. फळ परत आलं होतं, आधीपेक्षा गंभीर होऊन. "उद्या," ती म्हणाली.

शनिवारी तिची गाडी सुरू झाली नाही. प्रतापनं तिला सोडलं, आणि दुपारी घ्यायला येतो म्हणाला. सुती पिशव्यांत आंबवण भरून त्यांनी त्या दांड्याला टांगल्या. दाबायचं नाही, स्वतःच्या वजनानं टपकू द्यायचं. काचेच्या बरणीत थेंब पडत होते. केइको तीन वाट्या घेऊन आली. इशिदांनी पहिली वाटी उत्तराला दिली आणि म्हणाले, "सांगा."

वाटीच्या तळाची निळी वर्तुळं स्वच्छ दिसत होती. तिनं नाक जवळ नेलं. पेअर होतं, पण कापलेलं नाही, टोपलीत सालासकट ठेवलेलं. त्यामागे बडीशेपेच्या फुलासारखं काहीतरी हिरवं. तिनं तोंडात घेतली, ती जिभेवर आली तेव्हा गार आणि उतरताना कोमट होती, मधोमध तिला वजन होतं, झऱ्याच्या पाण्याचा मऊपणा सगळ्यांखालून वाहत होता. तिनं इंग्रजीत सुरुवात केली. फ्रूट, ग्रीन, क्लीन. शब्द संपले. आणि मग तिला कळायच्या आत ती मराठीत बोलू लागली, सालपटाबद्दल, बडीशेपेच्या तुऱ्याबद्दल, पावसाळा संपल्यावर पहिल्या कोरड्या सकाळी अंगण कसं हलकं वाटतं त्याबद्दल, काही न गाळता, कुणाला काय वाटेल ह्याची काळजी न करता. इशिदा डोळे मिटून ऐकत होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, थांबावं का म्हणून, तर त्यांनी मान हलवली, पुढे. त्यांनी स्वतःची वाटी ओठांना लावली, तिच्या बोलण्याबरोबर हळूहळू प्यायले, आणि बादलीत काही थुंकलं नाही.

केइकोनं वडिलांना जपानीत काहीतरी विचारलं. तुम्ही स्वतः का सांगत नाही, असंच असावं. इशिदा तिच्याशी बराच वेळ बोलले. उत्तराला त्यातला एक शब्द कळला नाही, पण त्यांनी बाहेर दाराकडे, तिथल्या बर्फाकडे हात केला तेव्हा केइकोनं वाटी खाली ठेवली. ती उठून वडिलांच्या मागे गेली. डोक्याच्या मागच्या बाजूला, जिथं टाके पडले असतील तिथं, तिनं तळहात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

उत्तरानं तोंड फिरवलं, तर गॅरेजच्या दारात प्रताप उभा होता, बूट झटकत. तो कधीपासून तिथं होता कुणास ठाऊक. इशिदांनी त्याला पाहिलं, डोळे पुसले, चौथी वाटी आणायला सांगितली. प्रतापनं दोन्ही हातांनी वाटी घेतली, घोटभर प्यायला, आणि मान वाकवून "थँक यू, सर," म्हणाला. एवढंच. इशिदांनी एक छोटी बाटली भरून कागदात गुंडाळून उत्तराच्या हातात ठेवली, आणि ते पहिल्या दिवशीसारखे कमरेत वाकले. ह्या वेळी तिला काय करायचं ते माहीत होतं. तीही वाकली.

गाडीत प्रतापनं इंजिन सुरू केलं, हीटर लावला. काचेवरचं धुकं निवळेपर्यंत दोघं बसून राहिले.

"मला नुसती गार आणि गुळगुळीत लागली," तो म्हणाला. "तुला काय काय लागलं त्यात?"

"सांगू?"

"सांग ना. तू आत इतकं बोलत होतीस. मला अर्धंच ऐकू आलं."

ती सांगू लागली. पंख्याची घरघर मोठी होती. त्यानं हात पुढे करून हीटर बंद केला, मग इंजिनही बंद केलं, आणि तिच्याकडे तोंड करून बसला.